सोमवारचा बांगडा

"आई, खरं सांग, तुझ्या मसाल्यात तू असं काय घालतेस जे कुणालाच सांगत नाहीस?"

अपूर्वाने एका दमात विचारून टाकलं आणि ओट्याला पाठ टेकून उत्तराची वाट बघत उभी राहिली. मधल्या सुट्टीत चेतना आणि किरणने तिला डिवचलं होतं. तिचा डबा उघडला की अर्ध्या वर्गाच्या माना वळायच्या. "काकूंचं सीक्रेट काढून आण, नाहीतर आठवडाभर डबा आमचा," असं ठरलं होतं. गेल्या वर्षीची अपूर्वा असती तर डबा देऊन मोकळी झाली असती. पण नववीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्या हातात माईक आला, आणि तेव्हापासून जगात कुणालाही काहीही विचारता येतं अशी तिची ठाम समजूत झाली होती.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुलक्षणा मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मिरच्या घालते."

"आई! सिरियसली विचारतेय मी."

"मग काय, सोनं घालू? ये, देठ मोडायला बस. बसल्या बसल्या कळेल."

अपूर्वा बसली नाही. तिने नाक वर केलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"काहीतरी जळतंय."

सुलक्षणाने पटकन गॅसकडे पाहिलं. गॅस बंद होता.

"डंपिंग ग्राउंडचा कचरा असेल," बाहेरच्या खोलीतून राजेशचा आवाज आला. अंधेरीच्या ऑफिसातून नुकताच येऊन तो पंख्याखाली पसरला होता. "खाडीकडून वारा सुटलाय. खिडक्या लावा."

नाहूरमध्ये हे ठरलेलंच. नाकाला काही झोंबलं की डंपिंगच्या नावाने खडे फोडायचे आणि खिडक्या लावायच्या. अपूर्वाने धडाधड सगळ्या खिडक्या लावल्या, गॅलरीचा दरवाजासुद्धा ओढून घेतला. घरात उकडायला लागलं. वास मात्र कमी व्हायचा सोडून दाट होत गेला.

"बाबा, बाहेरचा असता तर आता कमी झाला असता ना? हा तर घरातच आहे."

सुलक्षणा मिरच्यांचे हात पदराला पुसत उठली.

"कसला वास येतोय? नीट सांग. कागदाचा? कपड्याचा? रबराचा?"

"नाही गं. कसा सांगू... मासळीसारखा. जळक्या मासळीसारखा."

"मग बांगडा," राजेश दारात येऊन म्हणाला. आता त्यालाही वास लागला होता. "कुणीतरी तळतंय. आणि तवा पुरता करपवलान मेल्याने. आम्हांला बोलावलं असतं तर बघितलं तरी असतं."

"अहो, आज सोमवार."

"आपल्याकडे सोमवार. लोकांकडे कुठे?"

"लोक कोण? वर मेहता, बाजूला शाह, त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. राहिल्या खालच्या शुभाताई. त्या आपल्या मालवणच्याच. सोमवार काय, गुरुवारही पाळतात. मग हा बांगडा आला कुठून?"

राजेशचं हसू मावळलं.

"शुभाताईंचा गीझर जळाला तेव्हा आठवतंय?" सुलक्षणा म्हणाली. "वास मासळीचा, म्हणून दोन दिवस त्या बिचाऱ्या मासळीवालीला शिव्या घालत होत्या. आणि वितळत होतं ते बटणांच्या बोर्डाचं प्लास्टिक. वायर आहे ही. अपू, तू पुढे हो. वास कुठे वाढतो ते सांगत जा."

अपूर्वा नाक पुढे करून निघाली आणि सुलक्षणा तिच्या मागे. प्रत्येक बोर्डापाशी आई थांबायची, उलटा हात हलकेच भिंतीवर टेकवायची, कान जवळ न्यायची.

"इथे?"

"कमी."

टीव्हीचा बोर्ड थंड होता. बाथरूममधल्या गीझरचाही.

"आणि इथे?"

"इथे काहीच नाही. आई, मागे फिर. किचनच."

किचनमध्ये फ्रिजच्या कडेला मिरच्यांचं पोतं उभं होतं. अपूर्वा त्याच्याजवळ गेली आणि खोकत मागे सरली. सुलक्षणाने पोत्याच्या मागे हात घालून भिंतीला लावला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"अहो, मेन बंद करा! आधी मेन!"

दारावरच्या बोर्डात खटका पडला. पंखा रेंगाळत थांबला. तिघांनी मिळून पोतं ओढलं. मागे फ्रिजचा प्लग तपकिरी होऊन सॉकेटमध्ये मेणासारखा रुतला होता, आणि पोत्याच्या तागावर तळहाताएवढा काळा डाग होता.

"या मिरच्यांनी पेट घेतला असता ना," राजेश म्हणाला, "तर अख्खी बिल्डिंग ठसकत जिन्यावर आली असती. आपण आलो असतो की नाही, कुणास ठाऊक." त्याने पायांत चपला सरकवल्या. "वायरमन नितेशला घेऊन येतो. दुकानात असेल तो. हात लावू नका कशाला."

तो गेला, आणि सुलक्षणाने अर्थातच हात लावला. फडकं गुंडाळून तिने प्लग हिसका देऊन बाहेर काढला. त्याबरोबर असा भपकारा उठला की अपूर्वाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ओढणीने नाक दाबलं. आई मात्र वितळलेला प्लग अगदी तोंडाजवळ धरून शांतपणे उलटासुलटा बघत होती.

"हाच ना गं तो वास?" तिने विचारलं. "नक्की हाच? बघ नीट, अजून कुठला नाही ना?"

अपूर्वाने ओढणी खाली घेतली.

गेल्या उन्हाळ्यातली आई तिला दिसली. धणे भाजताना कढईवर कान देऊन बसलेली. मधूनच एक दाणा उचलून दाताखाली फोडणारी. दगडफुलाचा रंग उजेडात धरून बघणारी, वाफेवर तळहात धरून क्षणभर डोळे मिटणारी. अपूर्वाला ती आईची स्टाइल वाटायची. वर्गात तिने तिची नक्कलही करून दाखवली होती. आणि दर थोड्या वेळाने येणारी ती हाक, "अपू, ये गं, तुझं नाक तिखट, बघ जरा खोबरं." त्या हाकेने तिची छाती फुगायची.

"आई, तुला वास येत नाही."

सुलक्षणाने प्लग ओट्यावर ठेवला. फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"कोरोनात गेला," ती म्हणाली. "येईल येईल म्हटलं. आलाच नाही."

"आणि तू तेव्हापासून... तो सगळा मसाला? मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लोक नेतात तो?"

"हात आहेत, डोळे आहेत. कान आहेत."

"आई, तू भारी आहेस यार!"

"हळू बोल. वास न येणारी बाई मसाला करते म्हटल्यावर कोण घेईल? बाबांनाही नाही सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, अर्ध्या भांडुपला कळेल."

अपूर्वा हसली, आणि हसता हसता थांबली. मसाल्याच्या दिवसांत बाबा गॅलरीतून उगाच ओरडायचे, "अहाहा, धणे झाले वाटतं! लवंग उतरवा आता!" तिला तो त्यांचा खादाडपणा वाटायचा. म्हणजे बाबांना ठाऊक होतं तर. ते गुपित तिने बाबांकडेच राहू दिलं.

सुलक्षणा पोत्यावरच्या काळ्या डागावरून बोट फिरवत होती.

"मसाल्यात चालून गेलं गं. पण आज हाताच्या अंतरावर जळत होतं आणि मी देठ मोडत बसले होते. तू क्लासला गेली असतीस तर? पुढच्या वर्षी तर तुझी दहावी, तू घरात असणार कधी?" तिने डाग हाताने झाकला. "या वर्षी ऑर्डरी घेत नाही मी. बंदच करते."

जिन्यावर चपला वाजल्या. राजेश धापा टाकत आत आला. "येतोय नितेश, सामान घेऊन. अरे, प्लग काढलास ना तू? सांगून काही उपयोग आहे का या घरात?"

"अहो," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मी काय म्हणत होते, यंदाच्या मसाल्याचं..."

"थांब आई. आधी मी बोलते." अपूर्वा दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली, हात कमरेवर. "दोघांनी नीट ऐका. या सीझनपासून मसाला भाजायला आईबरोबर मी बसणार. रोज सकाळी, कढई चढल्यापासून उतरेपर्यंत. क्लासची संध्याकाळची बॅच घेईन, दहावीचं टेन्शन नको. मला शिकायचंय, आणि माझं ठरलंय."