आरशासारखी खोली

"वहिनी, ये, बघ! आरसा केलाय खोलीचा," संशोधन केंद्रात सफाईला नवीनच लागलेली नणंद म्हणाली. तिच्या हातातलं फडकं अजून गळत होतं.

वहिनी उंबऱ्यातच थांबली. फिनेलचा वास थेट डोक्यात गेला. "पेट्या... आतूनही पुसल्यास?"

"मग! दगडसुद्धा घासले. साहेब म्हणाले, पाहुणे यायच्या आत कोंदट वास घालवा. तू फाटकाशी फुलं धरून उभी. म्हटलं, तुझं काम हलकं करावं."

त्या काचपेट्यांत सहा बेडूक होते. डोंगरातल्या जंगलातून आणलेले शेवटचे. तिथल्या ओढ्यांत आता एकही उरला नव्हता. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. जे अंगाला लागेल ते रक्तात उतरतं. म्हणून वहिनी इतकी वर्षं उकळून गार केलेल्या पाण्यानेच पेट्या पुसत आली होती. "आम्हाला कधी एवढं जपलंस?" असा टोमणा नवरा जेवताना हमखास मारायचा. या आठवड्यात तर मादीच्या पोटात पहिल्यांदाच अंडी दिसू लागली होती.

पाच बेडूक उताणे पडले होते. मादीला वहिनीने तळहातावर घेतलं आणि तिच्यावर स्वच्छ पाणी ओतत राहिली. मादीने एकदा पाय ताणले. मग तीही ढिली पडली.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," नणंद पुटपुटली.

साहेब आले, त्यांनी पेट्यांकडे बघितलं. "कापड टाका यांच्यावर. पाहुणे जिना चढतायत. दिवसा झोपतात म्हणायचं."

कोपऱ्यातल्या खोक्यात, बेडकांच्या खाण्यासाठी पाळलेले रातकिडे किरकिरत होते. पाहुण्यांनी आत येताच डोळे मिटले.

"वा! झोपेतही गातात! काय गळा आहे यांचा!"

साहेब हसले.

"बाई, तुम्हीच सांभाळता ना? काय खायला घालता यांना?"

"रातकिडे," वहिनी म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने सहाही बेडूक ओल्या कापडात गुंडाळले. मग गाजर चिरलं आणि खोक्याचं झाकण काढलं. नणंद दाराशी उभी होती, रडून डोळे सुजलेली.

"आता कशाला खायला घालतेस त्या किड्यांना?"

"भुकेलेत," वहिनी म्हणाली. उरलेलं अर्धं गाजर तिने नणंदेपुढे धरलं. "आधी हात धू."