चाकांची जोडवी

घरचे बैल विकले, त्याच्या दुसऱ्या वर्षी नातवानं, योगेंद्रनं, नागपुरातून जुनी गाडी आणली. पांढरी, चार दारांची. आधीच्या मालकानं तिच्यात काचेजवळ एक चपटा डबा बसवून घेतला होता. डब्यावर गाडीचं चित्र, चार चाकांच्या जागी चार दिवे. ज्या चाकात हवा कमी, तो दिवा पिवळा. चाकात हवा भरायच्या तोंडावर एकेक चकचकीत टोपी होती, ती डब्याला निरोप देते म्हणे. मी त्या टोप्यांना जोडवी म्हणायचे. पायातला दागिना, दुसरं काय म्हणायचं?

पोळा आला. गोठा रिकामा. पण मी या घरात आले तेव्हापासून पोळा पूजेवाचून गेलेला नाही, आणि मी आहे तोवर जाणार नाही. आदल्या सांजेला चारही चाकांना तूप-हळद लावली आणि वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सून हसली. हसू दे. तिच्या पुरणात गाठी असतात, मी कधी काढलं?

सकाळी चारही जोडवी काढून चिंचेनं घासली, कुंकू लावलं, परत चढवली. दोन दिवसांनी डब्यावर डाव्या बाजूचं पुढचं चाक पिवळं झालं.

फाट्यावर डोमाजीचं पंक्चरचं दुकान आहे. आमच्या बैलांना नाल तोच ठोकायचा. बैल गेले तसा टायरकडे वळला. त्यानं आमच्या गाडीचं पुढचं चाक तपासलं.

"हवा बरोबर हाये," तो म्हणाला. "बाकीचे तीन पाहू दे."

"डब्बा सांगून राह्यला तेवढंच पाह्य," योगेंद्र म्हणाला. "बाकीचे ठीक हायेत."

घरी येईस्तोवर दिवा तसाच. तीनदा गेला, तीनदा तेच. चौथ्यांदा योगेंद्र फाट्यावर पाच-सहा माणसांत बोलला, की डोमाजीचा हवेचा काटा खोटा आहे, डोमाजीवर भरवसा ठेवू नका. आठवड्यात सेलूकडचे दोन गाडीवाले त्याच्या दारावरून सरळ पुढे गेले. डोमाजीनं योगेंद्रला निरोप धाडला, "तुह्या गाडीले आता हात लावत नाई." तीस वर्षं खरं बोललेल्या माणसाचं नाव असं आठ दिवसांत पडतं.

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. कळलं ते अशा रीतीनं.

दुपारी झड लागली होती. पाऊस पडतोय असं वाटत नव्हतं, पाणी नुसतं हवेत लोंबकळत होतं. घरात टीव्ही बोंबलत होता, म्हणून मी अंगणातल्या गाडीत जाऊन बसले. योगेंद्र किल्ली तशीच फिरवून गेला होता. काचा आतून धुरकट झाल्या. पलीकडच्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी विरघळत विरघळत हिरवा धूर झाली. त्या धुरात पिवळा दिवा झेंडूसारखा तरंगत होता.

गाडी उभी होती, पण मला बैलबंडीत बसल्यासारखं डुलायला लागलं. पुढ्यात आमच्या पवळ्या बैलाची पाठ दिसली, ओली, कोवळ्या उन्हाच्या रंगाची. तो लंगडत होता. पुढचा डावा पाय नीट पडत होता. फरफटत होता तो मागचा उजवा. रस्त्याच्या कडेला तरणा डोमाजी नाल घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणाला, "या पायाचा नाल त्या पायाले चालत नाई, बाई."

डोळे उघडले तेव्हा हनुवटी छातीवर होती. उतरले आणि मागच्या उजव्या चाकावर तळवा दाबला. पिकल्या पपईसारखं मऊ. मग पोळ्याची सकाळ आठवली. जोडवी घासून एकाच ताटात टाकली होती. कुठली कुठल्या पायातली, मी कुठे पाहिलं होतं? आतून बारीक अक्षरं होती, पण इंग्रजी अक्षरं मला मुंग्या वाटतात.

माझी चूक मी कुणाला सांगितल्याचं घरात कुणाला आठवत नाही. तरी योगेंद्रला हाक मारली. "चाल फाट्यावर. हळू चालव."

फाट्यावर त्या दिवशीही पाच-सहा जण होते. मी गाडीतून उतरून सगळ्यांदेखत म्हटलं, "डोमाजी, जोडवी मी काढली, मीच उलटीपालटी घातली. तुमचा काटा खरा. माझा नातू खोटं बोलला, ते माझ्यापायी."

डोमाजी ट्यूब घासत होता. हात थांबला नाही. "वच्छलाबाई, चार लोकांत सांगाले काऊन आल्या? घरी बोलावलं असतं."

"त्यानं चार लोकांत म्हटलं. मी काय चुलीपाशी सांगू?"

योगेंद्रची मान खाली. "काका, चुकलो."

"चारही चाक पाहू दे म्हनत होतो तुले," डोमाजी उठत म्हणाला. मागच्या उजव्या चाकातून बारीक खिळा निघाला. पंक्चर काढलं, हवा भरली. योगेंद्रनं आतली अक्षरं वाचून जोडवी ज्याची त्याला घातली. पिवळा दिवा विझला.

"आता काय म्हनते तुहा डब्बा?"

"चूप हाये, काका."

"पुढच्या पोळ्याले मले बोलावजा, बाई," डोमाजी माझ्याकडे वळला. "जोडवी मी उतरवून देईन."

"जेवालेच येजा," मी म्हटलं. "पुरण मी करीन, सून नाई."

परत येताना झड चालूच होती. दोन्हीकडची शेतं पाण्यातून वाहत गेल्यासारखी मागे जात होती. मी डोळे मिटले. खाली चारही पाय सारखे पडत होते.