पुढच्या स्टेशनवर उतरा

शशिकांतरावांना कुणी काही सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, असं सातारच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तर यांनी लोणच्याची बरणी ताटाशेजारी आणून ठेवली. बायपासनंतर जिना चढू नका म्हटलं, तर हे गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी धुऊन आले. त्यांची सून मुक्ता वोल्फ्सबुर्गहून रोज फोनवर कानीकपाळी ओरडायची, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई गेल्या आणि हृषिकेश वडिलांना जर्मनीला घेऊन आला, तेव्हा मुक्ताला पहिली धास्ती वाटली ती हीच. या परक्या मुलखात हा माणूस कुणाचं ऐकणार?

आल्प्सचं बर्फ बघायची हौसही त्यांचीच. हृषिकेशला ऑफिसातून शुक्रवारशिवाय सुटका नव्हती, म्हणून सासरे-सून पुढे ओबर्स्टडॉर्फला निघाले. सकाळपासून बसून बसून दोघांच्या पाठी आंबल्या. म्युनिकला गाडी बदलली आणि दुपारनंतर दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर सुरू झाले. बाबांनी डब्यातली पोळीभाजी खाल्ली, हात पुसले आणि ते उठले.

"कुठे निघालात बाबा?"

"शतपावली."

"अहो, ट्रेनमध्ये कसली शतपावली? कोट तरी घाला."

"बाहेर कुठे जातोय? इथल्या इथे फिरतो. तू डोळे मीट जरा."

मुक्तानं मिटले. वोल्फ्सबुर्गला ती कोपऱ्यावरचं दूधही कार काढून आणणारी बाई. इथल्या रेल्वेचे रीतिरिवाज तिला कुठून ठाऊक असणार? इमेनश्टाटला ही गाडी मधोमध तोडतात. पुढचा अर्धा भाग ओबर्स्टडॉर्फला जातो, मागचा लिंडाऊला. तशी घोषणा पुन्हापुन्हा झाली, पण मुक्ता गाढ झोपली होती. गाडी बराच वेळ उभी आहे असं बघून बाबा राहिलेली पावलं पुरी करायला प्लॅटफॉर्मवर उतरले, थंडी झोंबली तसे समोर दिसलं त्या दारातून आत शिरले. ते दार मागच्या भागाचं होतं.

फोन वाजला तेव्हा गाडी चालू लागलेली होती.

"मुक्ता, आपला डबा कुठे गेला गं? टोकापर्यंत जाऊन आलो. पुढे वाटच नाही."

मुक्तानं वर पाहिलं. बाबांचा कोट हुकाला लटकत होता. काय झालंय ते समोरच्या बाईला विचारून कळेपर्यंत तिची पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलेला माणूस बोलतो तशी ती धडाधड बोलली. "बाबा, ऐका. तुमची गाडी दुसरीकडे चाललीय. पुढच्या स्टेशनवर उतरा आणि तिथेच थांबा. कुणाबरोबर कुठे जाऊ नका. मी येते."

"बरं," बाबा म्हणाले.

तिला हायसं वाटलं. स्टेशन म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आलं ते आपल्याकडचं स्टेशन. बाकडी, चहावाला, मास्तरांची खोली, चार माणसं. दहा वर्षं जर्मनीत राहूनही डोक्यातलं स्टेशन काही बदललं नव्हतं.

तिकीट तपासनीस बाई आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातल्या मोबाइलवर बघितलं.

"असं आहे... ते स्टेशन नाहीये. नुसता प्लॅटफॉर्म आहे. तिथे कुणी नसतं, बसायला खोली नाही. बाहेर उणे अकरा आहे." मग ती म्हणाली, "गाडीतच बसून राहायला सांगायला हवं होतं. आत ऊब होती."

मुक्तानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बाईनं पोलिसांना कळवलं, पण घाटात बर्फ साचल्यामुळे त्यांनाही वेळ लागणार होता. पुढच्या स्टेशनवर उतरून मुक्ता उलट्या गाडीनं इमेनश्टाटला आली, तिथून लिंडाऊची गाडी मिळायला आणखी वेळ गेला. बाबांचा कोट तिनं छातीशी धरला होता. हृषिकेशचं नाव तिनं तीनदा स्क्रीनवर काढलं आणि तीनदा पुसलं. काय सांगणार होती? तुझ्या वडिलांना मीच बर्फात उतरवलं, असं?

बाहेर अंधारून येत होतं. डोंगर आधी निळे झाले, मग दिसेनासेच झाले. खिडकीत तिला स्वतःचाच चेहरा दिसायला लागला आणि तो तिला बघवेना. बाबा कुणाचं ऐकत नाहीत, हीच आता तिची एकमेव आशा होती. देवा, नेहमीसारखं हट्टानं वागू दे त्यांना. उतरलेलेच नसू देत. उतरले असतील तर कुणाच्या तरी घरात शिरून चहा मागू देत.

गाडी थांबली. दार उघडताच थंडीनं तिचा श्वासच अडकला. एक खांब, एक दिवा, काचेचा रिकामा आडोसा. आडोशात कुणी नव्हतं. मुक्ता "बाबा!" म्हणून ओरडली, आणि तेव्हा खांबाजवळचं ते पांढरं काही हललं.

बाबा उघड्यावर, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे होते. स्वेटरवर, टोपीवर, भुवयांवर बर्फ साचलेलं. तिनं आणि या गाडीतल्या तपासनिसानं मिळून त्यांना आत ओढलं, कोट घातला, वर ब्लँकेट गुंडाळलं. त्यांच्या ओठांतून शब्द बराच वेळ फुटेना.

"एक बाई आली होती... कार घेऊन," ते म्हणाले. "चल म्हणत होती. खूप वेळ."

"मग गेला का नाहीत, अहो?"

"तू नको म्हणालीस ना. आडोशातून तुला दिसलो नसतो, म्हणून बाहेर उभा राहिलो."

मुक्ताला हुंदका आवरेना. तिनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, नमस्कार करताना सासऱ्यांच्या पायांना हात लागला असेल तेवढाच. बोटं लाकडासारखी ताठ होती, मिटत नव्हती. ती चोळत राहिली, त्यावर फुंकर घालत राहिली. गाडी पुढे निघाली. तपासनीस म्हणाला, पुढच्या मोठ्या स्टेशनवर अँब्युलन्स उभी असेल.

सीट मोकळी होती, तरी बाबा अजून दाराजवळ उभेच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मुक्ता, आता मी बसू का?"