पोट एका घरी, तोंड दुसऱ्या घरी

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. रॉकेलचा, पंप मारून पेटवायचा, तीन पायांचा. मित्रांनो, माझ्या जातभाईंनी सांगितलेल्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. आधी कारखाना, मग दुकान, मग मालकाची माया, सगळे कसे गोड गोड. तसले माझ्याकडून ऐकायला आला असाल तर आताच उठा. माझ्या पोटात राग आहे, आणि तो बोलून दाखवायला कित्येक वर्षे माझ्यापाशी तोंडच नव्हते. पोट थोरल्या भावाच्या घरी होते आणि तोंड धाकट्याच्या घरी.

हे घर कोहळी समाजाचे, गोंदियाकडच्या अर्जुनीच्या बाजूचे. यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी गावचा तलाव बांधला. त्याचा यांना इतका अभिमान की भांडतानासुद्धा तलावाची आण घेतात. धान मळून घरात आले की सगळ्या कुटुंबाने एक रात्र तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मुक्काम करायचा, ही या घरची रीत. नव्या तांदळाचा भात तिथेच रांधायचा, पहिली मूठ पाण्याला द्यायची आणि मग एका गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, सगळ्यांनी खायचे. आग एकच, गंज एकच.

पूर्वी तिथे तीन दगडांची चूल मांडत. एका वर्षी वाऱ्याने ठिणगी उडाली, पाळीवरचे वाळके गवत पेटले आणि शेजाऱ्याच्या तणसाच्या ढिगापर्यंत आग गेली. तेव्हा या घरची कर्ती बाई सुभद्राबाई, तिचे मालक म्हणजे नवरा सायकल काढून गोंदियाला निघाले. कॅरिअरला काय बांधले होते? घरचा भाताचा गंज! दुकानदार चकचकीत वातीचे स्टोव्ह दाखवू लागला, तर या माणसाने गंज पाण्याने भरून मागितला आणि एकेका स्टोव्हवर चढवून पाहिला. एक लटपटला, एक वाकला. मी हललो नाही. मग त्यांनी दुकानदाराला पंखा सोडायला लावला आणि माझी आग त्या वाऱ्यात पाहिली. बाजारातले लोक हसत होते. हसोत. माझ्या आयुष्यात मला पारखून घेणारा तेवढा एकच माणूस भेटला.

पुढची वर्षे माझी चांगली गेली, हे रागातही कबूल करतो. पाळीवर वारा सुटला की मी आणखीच चवताळून पेटायचो. सुभद्राबाई पिन मारायची, चिंचेने घासायची. पंप कोरडा पडला की त्याच्या चामड्याला गोड्या तेलाचा थेंब द्यायची. भाताला वाफ आली की सगळे म्हणत, “पितळीवानी आग नाई बाप्पा कोनाची.” पितळी म्हणजे मी.

मग मालक गेले आणि दोघा मुलांचे बिनसले. थोरला उमराव, धाकटा केशोराव. कारण विचाराल तर शेताला पाणी आधी कोणी फोडले, एवढेच. त्यावरून शब्दाला शब्द लागला, बायका मध्ये पडल्या आणि अंगणात भिंत उभी राहिली. बैल वाटले, भांडी वाटली, आणि शेवटी ओसरीवर उरलो मी.

“थोरल्याचं घर हाय, इथंच राहील,” उमरावची बायको जमुनाबाई म्हणाली.

“पाळीवर भात कोन रांधते? मीच ना?” धाकट्याची प्रेमिला म्हणाली. “मंग तुमाले कायले पायजे?”

उमरावने माझी टाकी धरली, केशोरावने माझा बर्नर धरला. पंचांनी समजूत घातली, चिठ्ठ्या टाकू म्हणाले. कोणी ऐकेना. केशोराव ताडकन उठला, पाना घेऊन आला आणि भर ओसरीवर त्याने माझे तोंड पिळून काढले. “घ्या,” म्हणाला, “तुमी टाकी घ्या. पाहू कसे पेटवता त.” दोघांनाही ठाऊक होते की अर्धा स्टोव्ह कोणाच्याच कामाचा नाही. तरी दोघेही जिंकल्यासारखे आपापल्या दारात गेले. दुसऱ्याला मिळाले नाही म्हणजे आपल्याला मिळाले, असा हिशेब करणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

आईचेही त्यांनी तसेच केले. होळीपासून पोळ्यापर्यंत थोरल्याकडे, पोळ्यापासून होळीपर्यंत धाकट्याकडे. तिची पेटी भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला न्यायची. मला उघडताना माझ्यातून काहीतरी बारीक घरंगळले होते, ते तिने वाकून उचलले, एवढे मला आठवते.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. थोरल्याच्या घरी माझी टाकी दाराला अडण म्हणून ठेवली. आल्यागेल्याची लाथ खात होती. धाकट्याच्या घरी माझा बर्नर खिळ्यांच्या डब्यात काळा पडत होता. पाळीवरचा मुक्कामही बंद पडला. दोन्ही घरांतल्या बाता मात्र मी ऐकत होतो. इकडे पोटाने, तिकडे तोंडाने. दोन्हीकडे शिव्या त्याच होत्या, फक्त नावे बदलत.

यंदा थोरल्याच्या डिंपलने विषय काढला. पोरगी कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर कुठले कुठले तंबू पाहिले होते. “बाबा, आपन कॅम्पिंगले जाऊ ना पाळीवर. लोकं दुरून येऊन रायले, आन आपलाच तलाव हाय.” उमराव कबूल झाला. हे भिंतीपलीकडे कळले आणि त्याच दिवशी आपणही जायचे, असे केशोरावने ठरवले. प्रश्न उरला आईचा. तिने दोघांना एकच सांगितले.

“येतो ना. पर नवा भात मी एकाच आगीचा खाईन. दोन चुलीचा खात नाई. नाई जमलं त उपाशी राहीन.”

झाले! आता जिच्या स्टोव्हवरचा भात आई खाईल ते घर खरे, हे गावाला दिसणार होते. दोन्ही घरे स्टोव्ह निवडायला निघाली. जमुनाबाईला सुटकेससारखी मिटणारी गॅसची शेगडी आवडली. आत डबी घालायची, बटण फिरवायचे. “रंग कसा मस्त हाय,” ती म्हणाली. प्रेमिलाने छोट्या सिलिंडरवर बसवलेला बर्नर घेतला, कारण तो जमुनाबाईच्या शेगडीपेक्षा उंच होता. एकीने रंग पाहिला, दुसरीने उंची पाहिली. गंज घेऊन दुकानात कोणीही गेले नाही. वाऱ्याचे नावही कोणी काढले नाही. अडण होऊन पडल्या पडल्या माझा संताप संताप झाला.

मुक्कामाच्या दिवशी मात्र एक नवल घडले. निघण्यापूर्वी सुभद्राबाईने थोरल्याच्या दारातून गुपचूप माझी टाकी उचलून गठडीत घातली. मग भिंतीला वळसा घालून ती प्रेमिलाच्या घरी परतली आणि खिळ्यांच्या डब्यात हात घातला. एवढ्या वर्षांनी माझे तोंड माझ्या पोटाशेजारी येऊन पडले. तिने तयार ठेवलेल्या तेलाचा थेंब पंपाच्या चामड्याला दिला. म्हणजे म्हातारीने आधीच तयारी केली होती.

पाळीवर दोन तंबू पडले, एकमेकांकडे पाठ करून. दोघींनी आपापले गंज चढवले. आधी जमुनाबाईच्या शेगडीची गंमत झाली. गंज एवढा मोठा की शेगडी त्याच्याखाली दिसेना. तलावावरून वारा आला तशी ज्योत एका अंगाला पडली. पाणी कोमट होईतो आतली डबी तापली आणि शेगडी कट् करून आपोआप बंद झाली.

“काऊन जी, रंग उडाला का?” प्रेमिला तिकडून बोलली.

“तुझं पाय बाई आधी!” जमुनाबाई ओरडली.

प्रेमिलाने वळून पाहिले तोवर उशीर झाला होता. उतारावर तो उंच सिलिंडर आधीच कलला होता. गंजाने त्याला पुरता झुकवला आणि अर्धाकच्चा भात भस्सकन गवतात गेला. केशोरावने धावत जाऊन गॅस बंद केला म्हणून बरे. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू.

मग दोघींनी लहान पातेल्यांत थोडा थोडा भात कसाबसा शिजवला आणि दोन ताटे आईपुढे आणून ठेवली. उमराव म्हणाला, “माय, जेव ना.” केशोराव म्हणाला, “माय, माझ्याकडलं जेव.” म्हातारी तलावाकडे तोंड करून बसली होती. तिने ताटांकडे पाहिलेही नाही. उन्हे कलली होती, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते.

“मराचं हाय का तुले?” उमराव चिडून म्हणाला.

“अर्धी त केवाची मेलो,” ती म्हणाली. “सहा महिने इकडं मेलो, सहा महिने तिकडं.” तिने गठडी सोडली आणि माझे दोन्ही तुकडे दोघांच्या मध्ये ठेवले. शेजारी पाना आणि रॉकेलची बाटली ठेवली. रॉकेल आता कुठे मिळते? तिने ती बाटली वाटणीच्या दिवसापासून दडवली होती. “माझ्या हातात जोर नाई. जोडा.”

कोणी हलेना. जमुनाबाई आणि प्रेमिला पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या. शेवटी डिंपल म्हणाली, “आजी पडंल आता,” तेव्हा उमराव खाली बसला आणि त्याने टाकी गच्च धरली. एकट्याने मी जोडला जात नाही, मित्रांनो. एकाने धरावे लागते आणि दुसऱ्याने फिरवावे लागते. केशोराव समोर बसला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. दोघांनीही ते मागे घेतले आणि पुन्हा लागले, कारण दुसरा इलाज नव्हता.

बर्नर बसला, रॉकेल भरले, पंप मारला. तर सांध्यातून फुस्स! रॉकेल गळू लागले.

“तू तेवा वाकडा काढला,” उमराव म्हणाला.

“तुमी तेवा सोडला काऊन नाई?” केशोराव म्हणाला.

दोघे पुन्हा वर्दळीवर आले. तेव्हा सुभद्राबाईने पदराची गाठ सोडायला घेतली. जुनी गाठ, सुटता सुटेना. दातांनी सोडवली. आतून निघाली शिशाची एक बारीक कडी. आमच्या सांध्यात बसते ती, तिला वायसर म्हणतात. ती नसली तर टाकी आणि बर्नर नुसते एकमेकांवर ठेवलेले असतात, जोडलेले नसतात.

“तुमी वाटनी केली तवा हे खाली पडलं,” ती म्हणाली. “टाकी याची, बर्नर त्याचा. माझ्या वाट्याले हे आलं.”

केशोरावने कडी घेतली, पुसली, बसवली. उमरावने टाकी धरली. पाना फिरला आणि ते मऊ शिसे दोन्हीकडून दाबले गेले. मग मी पेटलो. वारा सुसाट होता आणि मीही तसाच होतो. इतक्या वर्षांच्या लाथा, धूळ, खिळे, सगळे मी त्या आगीत ओकले. राहिलेले नवे तांदूळ एका गंजात पडले. म्हातारीने पहिली मूठ पाण्याला दिली, दुसरी स्वतः खाल्ली, आणि मग बाकीचे सगळे हात एकामागून एक गंजात आले.

तुम्हाला वाटेल, आता भाऊ गळ्यात पडले असतील. छे! हात धुतले न धुतले तोच उमराव म्हणाला, “माझी टाकी देऊन टाक.” मी तापलेला होतो, म्हणून सगळ्यांना मी निवेपर्यंत थांबावे लागले. निवल्यावर केशोरावने पाना लावला. फिरेना. उमरावने लावला. फिरेना. दोघांनी मिळून जोर केला. पण ते शिसे आता माझ्या दातांत होते, आणि मी दात आवळले होते.

“हातोडी पायजे,” उमराव म्हणाला.

“आन,” सुभद्राबाई म्हणाली, “आन मंग माझ्यापासून सुरू कर.” तिने मला उचलून मांडीवर घेतले. मी अजून थोडा गरम होतो. तिचे हात भाजले असतील, पण तिने सोडले नाही.

गावी आल्यावर ती कोणाच्याच दारात गेली नाही. भिंतीच्या टोकाला गुरांचा कोठा आहे. बैल विकल्यापासून तो रिकामाच होता, आणि कोणालाही नको होता म्हणून वाटायचा राहिला होता. तिने तो झाडला, तिथे पेटी ठेवली आणि मला पेटवले. रॉकेल किती दिवस पुरेल ते तिला माहीत नाही, मलाही नाही. भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून शिव्या ऐकू येतात. पण भाताला वाफ आली की दोन्ही दारे उघडतात आणि दोन्हीकडून ताट घेऊन कोणीतरी येते. एकमेकांशी बोलत नाहीत. बसतात मात्र.

तेव्हा मित्रांनो, रीत म्हणून शेवटी काहीतरी मागायचे असते, तर मागतो. स्टोव्ह घ्यायला जाल तेव्हा घरचा गंज बरोबर न्या. मला घासा, पिन मारा, चामड्याला तेल द्या. पण पाना घेऊन माझ्या जवळ येऊ नका. ती कडी माझी नाही, म्हातारीची आहे, आणि ती मी सोडणार नाही.