मुळाकडची पूजा

झाड माझ्या अंगणात होतं आणि पडलं द्वारकाआक्काच्या घरावर. तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

द्वारकाआक्का माझी थोरली जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा भायांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, काकासाहेबांना, रस्त्याकडची बाजू मिळाली आणि आम्हाला मागची. मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. वाटणी सारखी झाली असं गाव म्हणतं, पण गावाला काय जातंय म्हणायला. तिच्या घरावर पत्रे आले, माझ्या घरावर मातीचं माळवदच राहिलं. तिचा मुलगा परतूरला मास्तर झाला, माझा दहावीला तिसऱ्यांदा बसला. तिची म्हैस दोन्ही वेळा दूध द्यायची. माझी दिली तर द्यायची.

तिच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती म्हणजे अंगणातला कडुनिंब. दुपार झाली की गल्लीतल्या बाया आपापली सुपं घेऊन सावलीला माझ्याकडे यायच्या. आक्कासुद्धा भिंत ओलांडून यायची आणि मी तिला बसायला पोतं टाकायचे. तेवढा वेळ मी घरधनीण असायचे आणि ती पाहुणी. वाटणी झाल्यापासून अकरा वर्षं रोज सकाळी त्या झाडाचा पाला झाडला, कधी कंबर दुखते म्हटलं नाही.

पंच्याण्णव सालच्या वैशाखात वळवाचं वारं सुटलं आणि झाड मुळासकट उपटलं. खोड भिंतीवरून आडवं गेलं आणि शेंडा आक्काच्या मागच्या खोलीवर टेकला. दोन पत्रे चेपले, भिंतीला तडा गेला. आक्का पुढच्या ओट्यावर कुरडया गोळा करत होती म्हणून वाचली. माझ्या अंगणात मोठा खड्डा पडला आणि त्याच्या कडेला काळ्या मातीसकट मुळ्या उभ्या राहिल्या, माणसापेक्षा उंच.

खरं सांगते, पत्रे चेपलेले पाहून आधी मला बरं वाटलं. पण ते सुख घटकाभरसुद्धा टिकलं नाही. सगळं गाव आक्काच्या दारात जमलं. तलाठी पंचनाम्याला आले तेही तिच्याच दारात. 'द्वारकाबाई, जीव वाचला, देवाची कृपा,' असं म्हणत बाया तिचा हात धरून बसल्या. 'मालन, तुझं झाड गेलं' असं एकीलाही म्हणावंसं वाटलं नाही. शेजारची कौसल्या, जी अकरा वर्षं माझ्या सावलीत बसून माझ्याच सुपारीवर हात मारायची, तिनं दुसऱ्या दिवशी आपलं सूप उचललं आणि सरळ आक्काच्या ओट्यावर जाऊन बसली. माझ्या अंगणात नुसतं ऊन. पडायचंच होतं तर झाडानं माझ्या अंगणात पडावं, एवढंही त्याला कळलं नाही.

आमचे हे, अप्पाराव, स्वभावानं गरीब. माळवदाला माती टाका म्हणून मी दोन वर्षं घसा कोरडा करत होते, त्यासाठी त्यांना सवड नव्हती. वैनीच्या पत्र्यासाठी मात्र सकाळची पहिली जीप धरून घनसावंगीला गेले आणि लालमियाँला घेऊन आले.

लालमियाँ झाडं कापण्यात जुना माणूस. पन्नाशीचा, काटकुळा, बोलायला मऊ. सोबत भाऊ महेमूद आणि गोणपाटात गुंडाळलेली दोघांनी ओढायची लांब करवत. आल्या आल्या कुऱ्हाड घालील असं वाटलं होतं, पण त्यानं झाडाला हातसुद्धा लावला नाही. आधी लाईनमनला बोलावून घरावरची विजेची तार काढायला लावली. मग मान वाकडी करत झाडाभोवती तीन चकरा मारल्या.

"झाड पडलं म्हंजी मेलं आसं न्हाई," तो भायांना म्हणाला. "त्याच्यात जोर दबून बसलेला आस्तो. ह्या दोन फांद्यावर सगळं वजन हाय. ह्या पयले कापल्या तर तुमची भिंत बसली खाली. टेकू लावू, दोर बांधू, वरचं हलकं करू. खोड सगळ्यात शेवटी. जल्दी करायचं काम न्हाई हे."

मग त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "पयले नारळ फोडा. पूजा झाल्याबिगर मी कुऱ्हाड लावत न्हाई. घरची बाई कोन?"

तो उभा होता आक्काच्या दारात, त्यामुळे सगळ्यांनी आक्काकडे बोट दाखवलं. मी माझ्या घरात हळदीकुंकवाचं ताट करत होते. उदबत्ती सापडेना म्हणून दोन मिनिटं जास्त लागली. ताट घेऊन बाहेर येते तर भिंतीपलीकडे नारळ फुटलेला, आक्कानं फांदीला कुंकू लावलेलं आणि बाया नमस्कार करून मोकळ्या झालेल्या. वर कौसल्येनं भिंतीवरून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. माझ्याच झाडाचा प्रसाद, मलाच, पाहुणीसारखा.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तो तुकडा मी कोंबड्यांना टाकला. पूजा झाडाच्या मुळाची करतात. शेंड्याला कुंकू लावलेलं कुणी ऐकलंय? मूळ माझ्या अंगणात होतं, पाणी मी घातलं होतं, पाला मी झाडला होता. आणि निरोप द्यायचा मान तिला. यांना तसं बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "आगं, कुंकू कोनी का लावंना, झाडाला काय फरक पडतो?" झाडाला पडत नसेल. मला पडत होता.

पहिला दिवस फांद्या काढण्यात गेला. मी घरातून बाहेर पडले नाही, पण ऐकत सगळं होते. एकेक फांदी दोरानं हळूच खाली सोडायचे, पत्र्याला धक्का लागू देत नव्हते. आक्का मध्येमध्ये चहा करून पाठवायची आणि महेमूद 'बस झालं भाभी' म्हणायचा. भाभी तीच. मी भिंतीअलीकडची कुणी नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भिंतीपाशी आली. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही.

"मालन, लालमियाँ सांगून राह्यलेत, आज खोड कापायचंय. खड्ड्याकडं कोनी जायचं न्हाई. खोड कापलं की मूळ जाग्यावर मागं बसतं म्हने."

"बरं," मी म्हणाले.

करवत लावायच्या आधी ती पुन्हा आली. "आइकलंस ना मालन? तिकडं फिरकू नको."

"आइकलं म्हनलं ना."

ती गेल्यावर मी तांदळाचं सूप बाजूला सारलं. हेच वाक्य लालमियाँच्या तोंडून ऐकलं असतं तर माझ्या डोक्यात शिरलं असतं, यात मला शंका नाही. पण ते आक्काच्या तोंडून आलं. मला एवढंच ऐकू आलं की शेंड्याची पूजा तिनं करायची आणि मी माझ्याच अंगणात मुळापाशी जायचं नाही. उपटून पडलेलं झाड परत उभं राहतं, असं कधी होतं का? मला मुळापासून लांब ठेवायची ही युक्ती आहे, अशी माझी खात्री पटली.

कालचं ताट तसंच होतं. त्यात नवा नारळ ठेवला, निरांजन लावलं, पदराआड धरलं आणि मागच्या दारानं गोठ्याला वळसा घालून गेले. करवत सुरू झाली होती. लालमियाँ आणि महेमूद खोडाच्या दोन बाजूंना बसून ओढत होते, आणि त्यांच्या आणि माझ्या मध्ये मुळ्यांची ती भिंत. त्यांना मी दिसत नव्हते, मला ते दिसत नव्हते. करवत लावण्याआधी लालमियाँनं खड्डा पाहून घेतला होता. तेव्हा त्यात कुणी नव्हतं.

मी खड्ड्यात उतरले. आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता. मुळ्यांवर पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, मातीत उदबत्ती खोचली. आणि मग मला रडू आलं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं रडू त्या खड्ड्यात आलं. 'तूसुद्धा तिच्याकडेच गेलास,' असं मी त्या झाडाला म्हणाले. वेडेपणाच तो, पण तसं म्हणाले.

नारळ फोडायला दगड शोधत होते तेवढ्यात करवतीचा आवाज थांबला. थांबला म्हणजे झालं असेल, असं मला वाटलं. पण करवत थांबली तरी लाकूड बोलायचं थांबेना. कर्रकर्र असा आवाज वाढत गेला आणि कुणीतरी ओरडत होतं. पायाखालची माती हलल्यासारखी वाटली. मी वर पाहिलं तर कुंकू लावलेल्या मुळ्या माझ्यावर झुकत होत्या.

 तेवढ्यात वरून एक हात आला, त्यानं माझा दंड धरला आणि मला पोत्यासारखं फरफटत कडेवर ओढलं. आम्ही दोघी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळलो. मागे धप्प असा आवाज झाला, अंगणभर धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा खड्डा नव्हता. बुंधा उभा होता, जिथं इतकी वर्षं होता तिथंच, वरून कापलेला. माझं ताट, निरांजन, नारळ सगळं त्याच्याखाली गेलं होतं.

हात आक्काचा होता. तिनं आपल्या मागच्या दारातून मुळ्यांमागून उदबत्तीचा धूर वर येताना पाहिला आणि ओरडली. तिचं ओरडणं ऐकून लालमियाँनं करवत सोडली, पण लाकूड अर्ध्याहून जास्त कापलं गेलं होतं, ते आता आपणहून फाटत होतं. बाकीचे सगळे जागच्या जागी ओरडत राहिले. भिंत ओलांडून धावत आली ती एकटी, पंचावन्न वर्षांची बाई. तिच्या मनगटातल्या बांगड्या फुटून काचा रुतल्या होत्या आणि रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

लालमियाँ खाली मातीतच बसला. महेमूदनं त्याला पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर तो म्हणाला, "बाई, तीस वरसात माझ्या कामावर कोनाला खरचटलं न्हाई. मी सकाळीच बोललो व्हतो, खड्ड्यात कोनी उतरू नका. तुमाला कळलं न्हाई का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भाया होते, हे होते, कौसल्या होती, अर्धं गाव होतं. आणि मी बोलले, "मला कोनी सांगितलंच न्हाई."

आक्का माझ्या शेजारीच उभी होती, मनगट पदरात धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आता ती बोलेल, म्हणून मी वाट पाहत होते.

"माझंच चुकलं," आक्का म्हणाली. "मला म्हनले व्हते तिला सांगा. गडबडीत ऱ्हाऊन गेलं."

मग काय, भाया तिच्यावर असे तुटून पडले की विचारू नका. "आगं, मानूस मेलं आस्तं. येवढी साधी गोष्ट तुला झाली न्हाई?" लालमियाँही मान हलवत होता. कौसल्यासुद्धा म्हणाली, "आसं कसं इसरलात बाई?" आक्का खाली मान घालून ऐकत होती. दोन दिवस सगळ्या गावानं तिचा हात धरला होता, तेच गाव आता तिला बोलत होतं. दोन दिवस मला हेच हवं होतं. ते समोर घडत होतं आणि मी पदराची माती झटकत उभी होते.

दिवेलागणीला मी तिच्याकडे गेले. मनगटाला हळद बांधून ती डाव्या हातानं पीठ मळत होती. मी तिच्या हातातून परात ओढून घेतली.

"आक्का, तुमी मला दोनदा सांगितलं व्हतं."

"हो."

"मंग तसं का बोललात?"

"तू सशावानी थरथरत व्हतीस. त्यात आनखी सगळ्यांनी तुलाच बोललं आस्तं." मग परातीकडे पाहून म्हणाली, "पानी बेतानं घाल, पीठ सैल व्हतंय."

घरी येताना अंगणात त्या कापलेल्या बुंध्यापाशी मी उभी राहिले आणि एकदा स्वतःला खरं खरं विचारलं. खड्ड्यात ती असती तर मी भिंत ओलांडून धावले असते का? कदाचित धावले असते. पण तिला वर ओढल्यावर ती जर सगळ्यांदेखत म्हणाली असती की मला कुणी सांगितलं नाही, तर? मी दोन्ही हात वर करून गावाला ओरडून सांगितलं असतं की दोनदा सांगितलंय हिला, दोनदा. हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

तिच्या पत्र्यांचा हेवा पुढे गेला, आमच्या घरावरही पत्रे आले. मास्तर मुलाचा गेला, म्हशीचा गेला. तिच्या त्या 'माझंच चुकलं'चा हा एक काही जात नाही.

भायांना खरं सांगायचं म्हणून त्या आठवड्यात मी त्यांच्या ओट्यापर्यंत दोनदा गेले. दोन्ही वेळा आक्काकडून तांब्याभर ताक मागून परत आले.