जिन्यातले बूट

नवऱ्याच्या तोंडाला कुलूप आहे, हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं. तो कंपनीचा मुख्य हिशेबनीस होता. कंपनीच्या नफ्या-तोट्याचा निकाल जाहीर होईपर्यंत घरातही चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. पण कुलूप तोंडाला होतं, हातांना नव्हतं. कंपनीचं गाडं घसरलं की हा गृहस्थ मागच्या गॅलरीत बसून घरातले झाडून सगळे बूट चमकवायचा. ही गंमत तिने धाकट्या भावाला सांगितली. "यांच्या बुटांवर नजर ठेव, शेअरचा भाव कळेल," म्हणाली आणि पोटभर हसली. जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

भाऊ खालच्याच मजल्यावर राहायचा. त्याने खरोखरच नजर ठेवली. दोनदा निकालाच्या आदल्या दिवशी त्याने कंपनीचे शेअर विकले, तिसऱ्यांदा तर मित्रांचेही विकायला लावले. दुसऱ्या दिवशी भाव धाडकन कोसळायचा. मग चौकशी आली, दोघांवर आरोपपत्र आलं. आतली बातमी फोडणं हा गुन्हा. तो सिद्ध झाला तर नवऱ्याला तुरुंग, भलामोठा दंड आणि असली नोकरी जन्मभर बंद.

"त्यांनी सांगितलं नाही, भावाने बुटांवरून ताडलं. कोर्टात एवढंच बोला," नवऱ्याच्या वकीलबाईंनी तिला बजावलं. त्यात खोटं काय होतं? नवरा नाकासमोर चालणारा आहे, यावर ती कुणाशीही भांडली असती.

तिच्या साक्षीच्या दिवशी सकाळी घरात पॉलिशचा वास आला. त्याने तिच्या काळ्या सँडलसुद्धा लखलखीत केल्या होत्या.

"अहो, आज कसलं पॉलिश?"

"असू दे," तो खालीच बघत म्हणाला. आणखी विचारायला वेळ नव्हता.

सरकारी वकील गोड बोलायचा. अशा माणसांना जास्त भ्यावं.

"बूट कुठे वाळायचे, बाई?"

"मागच्या गॅलरीत. भाऊ चहाला यायचा, त्याला दिसायचे."

"पण तिसऱ्या वेळी तुमचं आणि भावाचं भांडण होतं. महिनाभर तो तुमच्या घराची पायरी चढला नाही, हे तुम्हीच सांगितलंय. मग त्याला बूट दिसले कुठे?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला तिसऱ्या वेळची संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी ती भाजी घेऊन जिना चढत होती. भावाच्या दाराशी, जिन्यात, बूट ओळीने मांडलेले. "अहो, बूट इथे कशाला?" "आत वास कोंडतो," नवरा म्हणाला होता. पुढच्या महिन्यात भाऊ समेटाला आला, आणि बहिणीला नवंकोरं स्वयंपाकघर करून दिलं. ओट्यावर हात फिरवत ती रडली होती. भाऊ असावा तर असा!

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्या पायांकडे पाहत होता. आजच्या तोट्याची बातमीही याला सकाळीच ठाऊक होती; सँडल उगाच चमकल्या नव्हत्या. तिचा संताप असा उसळला की कठडा धरावा लागला. आणि त्याच वेळी त्याच्या पिकल्या कानशिलांची कीवही आली.

"आठवत नाही" एवढं म्हटलं तरी भागलं असतं.

"बाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जिन्यात," ती म्हणाली. "भावाच्या दाराशी."

नवऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, भावाला दोन. दंडात घरही जाणार होतं. शिपायाने नवऱ्याला नेण्याआधी मिनिटभर थांबू दिलं.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"साक्षीच्या दिवशी सकाळी बूट घासत बसलात," ती म्हणाली. "एकदा तोंडाने सांगितलं असतंत, तर मी तुमच्यासाठी खोटं बोलले असते."