सीताफळाच्या बियांचा हार

“दुष्काळ हा शाप नाही. दुष्काळ हा कच्चा माल आहे!” असं गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी जाहीर केलं आणि टाळ्यांसाठी ते थांबले. नेमका तेव्हाच रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. घागरी खुर्च्यांखालीच ठेवलेल्या असल्यामुळे मांडव रिकामा व्हायला वेळ असा लागलाच नाही. आभार मानायला नेमलेल्या वत्सलाबाईसुद्धा दोन हंडे घेऊन गेल्या. उरलेलं भाषण मोहनरावांनी माइकवाल्या शफीला ऐकवलं. शफीचं भाडं तासावर होतं, त्यामुळे त्याने ते मन लावून ऐकलं.

मनकर्णा टँकरच्या रांगेत उभी होती, पण तिचं चित्त पाण्यात नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरजवळच्या या महिला सहकारी संस्थेची ती सचिव. बाया डोंगरातली सीताफळं आणायच्या, गर काढायच्या. गर आइस्क्रीमवाल्यांकडे जायचा आणि बिया शेडमागे साचायच्या. गावात दुष्काळ जाहीर झालाय, हे सीताफळाला कुणी कळवलेलं नसतं. ते आपलं येतंच.

या ढिगापुढे पुण्याच्या, दागिने विकणाऱ्या मृण्मयीताई उन्हाळ्यात एकदा अर्धा तास उभ्या राहिल्या होत्या. मग त्यांनी बियांना भोकं पाडून, मधे चांदीचे मणी घालून हार करायला बायांना शिकवलं. प्रत्येक हाराला नंबर, प्रत्येकाला काचेची पेटी. हे हार घालण्यासाठी नसतात, शौकीन लोक ते जमवतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. बायांना ते लगेच पटलं. या बिया कुणी गळ्यात घालील असं त्यांना मुळात वाटलंच नव्हतं.

अडलं ते फोटोवर. प्रत्येक पेटीत, हार करणाऱ्या बायांनी तो स्वतः घातलाय, असा फोटो हवा होता. निदान दोघींचा तरी. फोटो नाही तर ऑर्डर नाही. आणि फोटो काढायलाच मृण्मयीताई आज आल्या होत्या. ऑर्डर मिळाली तर मनकर्णाला हिवाळाभर घरी बसून बिया ओवता येणार होत्या. नाही मिळाली तर ऊसतोड, पाचटाची खोपी आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या. मुकादम संध्याकाळी विचारायला येणारच होता.

पण हार घालायला एकही बाई तयार होईना. कारण त्या भागात सीताफळाच्या बिया एकाच कामाला येतात. वाळवायच्या, कुटायच्या, तेलात कालवून डोक्याला लावायच्या आणि वरून फडकं बांधायचं. उवा मरतात. म्हणजे ज्या बाईच्या अंगावर या बिया, तिच्या डोक्यात काय आहे हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही. मृण्मयीताईंना वाटलं, बाया लाजाळू आहेत.

मनकर्णाची अडचण तर दुहेरी होती. तिची लेक शिवकन्या शेजारच्याच वस्तीवर दिलेली. पंचमीला ती माहेरी आली ती डोकं खाजवतच. तेव्हा मनकर्णा भर ओट्यावर म्हणाली होती, की आमची पोरगी सासरी जाईपर्यंत साफ होती. हे ऐकणाऱ्यांत शिवकन्येची सासू कौशल्याबाईही होती. ती याच संस्थेची सभासद, आणि आत्ता रांगेत बरोबर मागे उभी.

“घाला की विहीणबाई,” कौशल्याबाई गोड आवाजात म्हणाली. “तुमाला कशाचं भ्या? उवांचं पीक काय ते आमच्याच घरी हाय.”

मनकर्णाने घागर खाली ठेवली. “दोघी लागत्यात. तुमी घातला तर मी घालते.”

“मी कावून घालू? आधी सांगा, उवा कुणाच्या व्हत्या?”

रांग पुढे सरकली, पण या दोघींच्या मागची एकही बाई हलली नाही. आपल्या म्हणाव्यात तर वर्षभर तोंड वर करता येणार नव्हतं. तिच्या म्हणाव्यात तर ऊसतोड ठरलेलीच. मनकर्णाने बराच विचार केला.

“पोरगी केजच्या बाजाराला गेलती जीपनं,” ती म्हणाली. “लई गर्दी व्हती म्हणं.”

कौशल्याबाईने हा ठराव तोलून पाहिला. “जीपमधल्याच असतील,” ती म्हणाली. “त्या जीपमधी कुणीबी बसतंय.”

ठराव मंजूर झाला. दोघी विहिणी हार घालून शेडसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यांवरचं गांभीर्य पाहून मृण्मयीताई भारावून गेल्या. या काळ्या बियांत इथल्या स्त्रीचं सगळं मौन आहे, असं त्या म्हणाल्या. मोहनरावांनी ते वाक्य पुढच्या सभेसाठी पाठ करून ठेवलं.

फोटो झाले, पण मनकर्णाच्या मनाला काही स्वस्थता नव्हती. पुण्यात बीडकडच्या बाया काही कमी नाहीत. कुणाच्या घरी पेटी पुसता पुसता एखादी हसली, की ऑर्डर परत. त्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं. तिने हार काढला आणि उवांचं सगळं सांगून टाकलं, कुटण्यापासून फडक्यापर्यंत.

मृण्मयीताईंनी कॅमेरा बंद केला. मोहनराव शेडच्या पत्र्याकडे बघू लागले. कौशल्याबाईने आपला हार पदराआड केला.

“ऑर्डर पक्की आहे, मावशी,” शेवटी ताई म्हणाल्या. मग त्यांनी मनकर्णाला हाताला धरून बियांच्या ढिगामागे नेलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“कुटलेली पूड असेल का हो थोडी? मुलीच्या शाळेत सध्या फार झाल्यात. आणि,” त्यांनी केसांत बोट घातलं, “दोघींना पुरेल एवढी द्या.”